धुऱ्यावरचा दगड आणि झिरो माईल

एप्रिल संपत आला होता. हरभरा निघून गेला होता, गहू कापून झाला होता आणि नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडकडचं आमचं वावर रिकामं पडलं होतं. मोजणी याच दिवसांत होते, कारण पीक उभं असताना त्यातून फिरायचं कसं? सकाळी सातला भूकरमापक आले. सरकारी कागदावर त्यांचं पद हेच, गावात मात्र सगळे 'मोजणीवाले साहेब' म्हणतात. काकाजी पहाटेपासूनच बाभळीखाली उभे होते. धुऱ्याच्या पलीकडे शेजारच्या वावराचे गुरुजी, छत्री घेऊन. दोघांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण तो धुराच. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात, तो आमच्याकडे धुरा. काकाजींचं म्हणणं, गुरुजींचा ट्रॅक्टर दर वर्षी नांगराची एक सरी आत घेतो. गुरुजींचं म्हणणं नेमकं उलटं.

"साहेब, हे पाहा, इथंच दगड होता, माझ्या बाबांनी दाखवला होता मला," काकाजींनी पायानं जागा दाखवली. गुरुजींनी लगेच चार पावलं इकडे येऊन दुसरी जागा दाखवली. साहेबांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं, वहीत टिपून घेतलं, आणि धुरा सोडून थेट गावाच्या शिवेकडे चालू लागले. तीन गावांच्या हद्दी जिथे मिळतात तिथल्या दगडाकडे. जवळजवळ अर्धा किलोमीटर.

"भांडण इथं आहे अन् हे तिकडं कुठं चालून राहिले?" काकाजी वैतागले.

मी सिव्हिल इंजिनियर आहे, इमारतींचं काम करतो. कॉलेजात सर्व्हेचा विषय होता, कॅम्पही झाला होता, पण त्यानंतर कधी त्या वाटेला गेलो नव्हतो. त्या दिवशी पाण्याची कॅन उचलून साहेबांच्या मागे निघालो आणि दुपारपर्यंत फिरलो. काकाजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर कळलं की अर्धं भूमापन कळतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पंगतीची कल्पना करा. मांडवात एका ओळीत पन्नास पाट मांडले आहेत. पहिल्या माणसानं आपला पाट वीतभर सरकवला. दुसऱ्यानं पहिल्याकडे पाहून आपला मांडला, तिसऱ्यानं दुसऱ्याकडे पाहून. प्रत्येकाला पाट पूर्ण मिळाला, कोणाचीच तक्रार नाही, फक्त शेवटचा माणूस मांडवाच्या बाहेर उन्हात बसला. आता त्याचं भांडण शेजारच्याशी होणार, आणि शेजारी शपथेवर सांगणार की माझा पाट तर पाटाएवढाच आहे! दोघंही खरं बोलत असतील. चूक शोधायची तर ओळीच्या टोकाला जाऊन मांडवाच्या खांबापासून मोजत यावं लागेल.

शेताचंही असंच. आपलं वावर दोरीनं मोजलं आणि सातबाऱ्याएवढं भरलं, एवढ्यावरून हद्द बरोबर आहे असं म्हणता येत नाही. सगळी ओळच सरकलेली असू शकते. म्हणून भूमापनाचा पहिला नियम असा की आधी मोठं पक्कं करायचं, मग त्याच्या आत लहान बसवायचं. गावाची शीव पक्की, तिच्या आत शिवारातले ठळक बिंदू, आणि सगळ्यात शेवटी आपला धुरा. छोट्याकडून मोठ्याकडे गेलं तर छोटीशी चूक प्रत्येक पावलाला वाढत जाते. मोठ्याकडून छोट्याकडे आलं तर ती चौकटीच्या आतच कोंडलेली राहते.

आता कागदाकडे येऊ, कारण बहुतेक भांडणं कागद अर्धवट वाचल्यामुळे होतात. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सातमध्ये हक्क कोणाचा आणि क्षेत्र किती, बारामध्ये पीक काय. आमच्याकडच्या कागदांत क्षेत्राला 'आराजी' म्हणतात. आराजी १ हेक्टर २० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. हा आकडा पाहून लोकांना वाटतं, जमीन समजली. पण १०० मीटर रुंद आणि १२० मीटर लांब तुकड्याचं क्षेत्र तेवढंच, आणि ४० मीटर रुंद, ३०० मीटर लांब पट्टीचंही तेवढंच. पहिल्याला कुंपण लागेल ४४० मीटर, दुसऱ्याला ६८०. जमीन किती, हे सातबारा सांगतो. ती कुठे आहे आणि कशी आहे, ते नकाशा सांगतो. खरेदीखत करताना लोक सातबारा दहा वेळा पाहतात आणि नकाशाची प्रत काढतच नाहीत, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

नकाशालाही मर्यादा असते, तीही समजून घ्यायला हवी. साहेबांच्या हातातल्या गावनकाशाचं प्रमाण होतं १:४०००. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ४ मीटर. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी ती रेघच जमिनीवर २ मीटर रुंद होते. काकाजी आणि गुरुजी भांडत होते ते दीड-दोन फुटांसाठी. अख्खं भांडण त्या रेघेच्या जाडीत मावतं! त्यात कागद जुना, ओल लागलेला, कित्येक वेळा घडी घातलेला. जुना कागद आकसतो, आणि उभा-आडवा सारखा आकसत नाही. म्हणून नुसती पट्टी लावून नकाशावरून हद्द काढता येत नाही. मूळ मोजणीच्या वेळी शेतात उभं राहून जे आकडे लिहिले गेले, त्यांच्याकडे परत जावं लागतं. अशा नोंदीला टिपण म्हणतात. हातानं काढलेली आकृती, मधून एक मुख्य रेघ, तिच्यापासून डावीकडे-उजवीकडे काटकोनात मोजलेली अंतरं. ज्या माणसानं ती लिहिली तो कधीच गेला, पण त्याच्या आकड्यांवर आजही खुंटी ठोकली जाते.

ते आकडे साखळीत आहेत. साखळी म्हणजे खरंच लोखंडी कड्यांची साखळी. इंग्रजांनी आणलेली एक साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. हा ६६ आकडा विचित्र वाटतो, पण मोठ्या हुशारीचा आहे. १० चौरस साखळ्या म्हणजे बरोबर १ एकर, ४३,५६० चौरस फूट. मोजून आणलेली लांबी-रुंदी गुणायची, दशांश चिन्ह एक घर सरकवायचं, एकर तयार. आमच्या नागपूरकडचे म्हातारे अजूनही एकर आणि डिसमिल बोलतात, १०० डिसमिल म्हणजे १ एकर. मुंबई इलाख्यात मात्र तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी चालली आणि तिचे भाग केले १६, रुपयाच्या आण्यांसारखे. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. हाच गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. म्हणजे 'गुंठा' हे माप त्या लोखंडी साखळीच्या लांबीतून आलं आहे, आणि एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. काकाजी-गुरुजींचा वाद जेमतेम एका आण्याचा.

पण तो आणा स्वस्त नाही. आमचा धुरा २०० मीटर लांब. तो एक फूट सरकला तर ६१ चौरस मीटर जमीन इकडची तिकडे होते, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे चौरस फूट. नागपुरात तेवढ्या जागेवर लोक घर बांधतात.

शिवेवरचा दगड सापडला, पण कललेला. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उथळ पुरलेला दगड दर वर्षी थोडा थोडा हलतो. साहेबांनी भोवतालची माती काढायला लावली, दगडाचा बुंधा कुठे बसला आहे ते पाहिलं, मगच त्यावर रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्राचा, दांडा टेकवला. तेवढ्यानंही त्यांचं समाधान झालं नाही. नकाशावर दाखवलेली जुनी विहीर, एका बाजूची पांदण, दुसऱ्या गावाकडचा आणखी एक दगड, असे चार बिंदू त्यांनी घेतले. नाला मात्र घेतला नाही. "नाला वाट बदलतो, विहीर बदलत नाही," एवढंच म्हणाले. चारांपैकी तीन एकमेकांशी जुळले, चौथा जुळला नाही. तो त्यांनी सोडला आणि का सोडला ते वहीत लिहिलं.

हे मी जवळून पाहिलं आणि माझा एक मोठा गैरसमज गेला. मला वाटायचं मोजणीदार हद्द ठरवतो. ती तर आधीच ठरलेली असते, कधीतरी मूळ मोजणीत, वाटणीत, खरेदीत. हरवलेली ती रेघ पुराव्यांवरून पुन्हा शोधायची, हे त्याचं काम. दगड, विहीर, टिपण, नकाशा, शेजाऱ्यांचे आकडे हे त्याचे साक्षीदार, आणि त्यातला कोण भरवशाचा हे त्यानं उन्हात उभं राहून पारखायचं. यंत्र फार तर अंतर सांगतं. कोणता दगड खरा, हे यंत्राला कळत नाही.

आता उमरेडचं वावर थोडं बाजूला ठेवून नागपुरात विधानभवनाजवळ चला. झिरो माईलचा खांब, चार घोडे आणि शेजारचा दगड. आपण लहानपणापासून ऐकतो की हा देशाचा मध्यबिंदू. खांबाच्या चौथऱ्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा अशी गावं आणि मैल कोरले आहेत, त्यामुळे तो समज पक्का होतो. मध्य कुठला यावर हवा तेवढा वाद घालता येईल. मला तिथे सगळ्यात मौल्यवान वाटतो तो शेजारचा १९०७चा दगड. समुद्राच्या सरासरी पातळीपासून त्याची उंची १०२०.१७१ फूट. मीटरमध्ये जवळजवळ ३११.

दशांशानंतरचे तीन आकडे पाहा. एक सहस्रांश फूट म्हणजे एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, आणि हे लोक मिलिमीटरच्या हिशेबात बोलत आहेत. तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ना उपग्रह, ना संगणक. कसं केलं असेल?

पद्धत इतकी सोपी आहे की सातवीतल्या मुलालाही समजेल. बांधकामावर मिस्त्री पाण्याची नळी धरून दोन भिंतींची पातळी जुळवतो ना, तेच तत्त्व. मध्ये तिपाईवर दुर्बीण ठेवायची, ती अगदी आडवी करायची. मागे, उंची माहीत असलेल्या जागी एक जण आकडे लिहिलेली उभी पट्टी धरतो, पुढे दुसरा. समजा झिरो माईलच्या दगडावर पट्टी ठेवली, उंची ३१०.९४८ मीटर. दुर्बिणीतून पट्टीवर वाचलं १.२५०. म्हणजे दुर्बिणीची नजर ३१२.१९८ वर आहे. आता दुर्बीण तशीच फिरवून पुढची पट्टी वाचली, १.८७०. तर पुढच्या जागेची उंची ३१०.३२८. जमीन ६२ सेंटीमीटर उतरली. मग मागचा माणूस पुढे जातो, दुर्बीण पुढे जाते, पुन्हा तेच. एका मांडणीत १०० मीटर सरकले तर मुंबईपासून नागपूरपर्यंत आठ हजारांहून जास्त मांडण्या. आणि एवढं झाल्यावर परत उलट्या दिशेनं मोजत जायचं, कारण जाताना आणि येताना आकडा जुळला तरच तो खरा.

देशभर अशा रेषा मोजून, किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर त्या बसवल्या गेल्या आणि १९०९ मध्ये उंचींचं अखिल भारतीय जाळं पक्कं झालं. नळाला पाणी येतं, गटार उतारानं वाहतं, मेट्रोचा रूळ एका खांबावरून दुसऱ्यावर पायरी न पडता जातो, यामागे कुठे ना कुठे अशी एक पातळी असते. पावसाळ्यात एखाद्या नव्या वस्तीत पाणी तुंबलं की आपण पावसाला बोल लावतो. अनेकदा तिथे कोणीतरी ही दोन पट्ट्यांची साधी मोजणी टाळलेली असते.

उंचीचं झालं. आडव्या मोजणीची गोष्ट याहून जुनी, आणि ती आपल्या अगदी दाराशी येऊन थांबते. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजायला घेतली. १०० फुटांची पोलादी साखळी, लाकडी पेट्यांत ठेवलेली, वर सावली, पेट्यांत तापमापक. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले! एवढी काळजी का, तर पुढचं सगळं त्या एका रेषेवर उभं राहणार होतं.

ते कसं, हे नागपूरच्या फुटाळा तलावावर जाऊन स्वतः करून पाहा. तलावाच्या काठावर उभे राहा, समोरच्या काठावरचं एक झाड नेमकं काटकोनात धरा. मग काठानं सरळ चालत जा. चालता चालता अशी जागा येईल जिथून ते झाड ४५ अंशात दिसेल. चौकोनी कागद कोपऱ्यातून तिरका दुमडला की ४५ अंश मिळतात. तिथे थांबा. जेवढे चाललात, तेवढीच तलावाची रुंदी. पाण्यात पाय घातला नाही आणि अंतर कळलं. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन्ही बाजू कळतात, एवढंच हे गणित आहे. आणि कळलेली ती बाजू पुढच्या त्रिकोणाची पाया-रेषा होते. मग त्यावर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा, टेकडीवरून टेकडीवर. अधूनमधून पडताळ्यासाठी जमिनीवर पुन्हा एक रेषा मोजायची.

पण याच प्रयोगात एका अंशाची चूक करून पाहा. २०० मीटर रुंदीला उत्तर ७ मीटरनं चुकतं. म्हणूनच लॅम्बटन अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, माणसांच्या खांद्यावरून डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत होता.

वीस वर्षं हे काम करत तो दक्षिणेकडून वर येत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये वाटेत हिंगणघाटला तो वारला. तिथेच त्याला पुरलं. नागपूरहून दीड-दोन तासांवर. आपल्याला एव्हरेस्टचं नाव पाठ असतं, कारण ते शिखराला दिलं गेलं. पण जॉर्ज एव्हरेस्ट या अधिकाऱ्यानं पुढे नेलेलं काम ज्यानं सुरू केलं, तो आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या मातीत आहे, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. कोणी शिकवलंच नाही. याच त्रिकोणांच्या जोरावर राधानाथ शिकदार या बंगाली गणकानं १८५२ मध्ये 'शिखर क्रमांक पंधरा' सगळ्यात उंच असल्याचं गणितानं दाखवलं. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. आजच्या मोजणीशी फरक जेमतेम ९ मीटरांचा, आणि शिखर मोजलं होतं शंभरहून अधिक मैलांवरून.

पुन्हा वावरात येतो. दहा वाजले होते आणि ऊन लागायला लागलं होतं. नागपूरचं ऊन हा या व्यवसायातला तिसरा पक्षकार. पोलादी फीत २० अंश तापमानाला बरोबर असते. उन्हात पडून ती ५० अंशांना पोचली तर ३० मीटरची फीत एका सेंटीमीटरनं लांबते. ३०० मीटरवर १० सेंटीमीटर. फीत लांबली म्हणून माप कमी येतं, आणि कमी आलेलं माप कोणाच्या तरी जमिनीतून जातं. दुपारी दुर्बिणीतून पाहिलं तर तापलेल्या जमिनीवरच्या हवेत पट्टीवरचे आकडे नाचताना दिसतात. म्हणून पातळीचं काम सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर.

आणि चूक होतेच. या व्यवसायाची मला सगळ्यात मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे तो ते गृहीत धरूनच चालतो. शेताभोवती मोजत मोजत एक फेरी मारायची आणि जिथून निघालो त्याच खुंटीवर परत यायचं. हिशेबानं आपण बरोबर तिथेच पोचायला हवं. नाही पोचलो, तर जेवढा फरक, तेवढी आपली चूक. चौकोनी शेताच्या आतल्या कोनांची बेरीज ३६० यायला हवी, नाही आली तर पुन्हा मोजा. स्वतःची चोरी स्वतःच पकडायची सोय कामाच्या पद्धतीतच करून ठेवली आहे. मी कित्येक व्यवसायांतली माणसं पाहिली, अशी रोजची, न चुकता, स्वतःचीच झडती घेणारी फार थोडी.

आता रोव्हरबद्दल, कारण "मोबाइलवर नकाशा दिसतो, मग मोजणीला पैसे कशाला" हे मी लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकलं आहे. मोबाइल आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा काढतो, पण मोकळ्या आभाळाखालीही ती चार-पाच मीटर इकडे-तिकडे असू शकते. घर शोधायला ठीक, धुरा शोधायला निरुपयोगी. रोव्हरही तेच उपग्रह वापरतो, पण त्याला एक मदतनीस असतो. राज्यात ठिकठिकाणी पक्की स्थानकं उभारली आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. स्थानकाला स्वतःची खरी जागा आधीपासून माहीत असते. उपग्रह त्याला जी जागा सांगतात ती थोडी चुकीची असते, कारण वातावरणातून येताना संदेशाला किंचित उशीर होतो. स्थानक दोन्हींतला फरक काढतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून रोव्हरला कळवतं. घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे हे ठाऊक असलं की आपण पाच वजा करून वेळ वाचतो, तसंच. रोव्हर तो फरक वजा करतो आणि दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत येतो. झाडाखाली मात्र त्यालाही अडचण. बाभळीखाली साहेबांना टोटल स्टेशन लावावं लागलं, म्हणजे प्रकाशकिरणानं अंतर आणि कोन एकदम मोजणारं यंत्र.

यात एक मोठी गोष्ट घडते आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. त्याचे त्रिकोण, त्याच्या उंच्या, झिरो माईलचा दगड, हे एक घराणं. महसुलासाठी गावोगावी झालेली शेतांची मोजणी, म्हणजे आजचा भूमी अभिलेख विभाग, हे दुसरं. गावाचा नकाशा आपल्यापुरता बरोबर असे, पण शेजारच्या गावाच्या नकाशाला जोडून ठेवला तर कडा जुळत नसत, कारण दोन्ही एका सामायिक चौकटीत बसवलेच नव्हते. आता रोव्हर धुऱ्यावरच्या दगडालाही देशाच्या त्याच चौकटीतले अक्षांश-रेखांश देतो. पुढे पुरात, खोदकामात दगड गेला तरी जागा जात नाही. गावठाणांची ड्रोननं मोजणी करणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, तीही याच दिशेची.

शहरातल्यांनी हे शेतकऱ्यांचं दुखणं समजू नये. नागपुरात सातबाऱ्याच्या जागी आखीव पत्रिका असते, एवढाच फरक. शेतजमिनीवर चुन्याच्या रेघा मारून पाडलेले लेआउट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कितीतरी कुटुंबांनी त्यात आयुष्याची कमाई घातली, आणि ती घरं नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. माझ्या स्वतःच्या प्लॉटचा एक कोपरा कागदावर होता आणि जागेवर रस्त्यात होता. विकणाऱ्यानं फीत धरून दाखवलं होतं, मी मान डोलावली होती. इंजिनियर असून! पैसे देण्याआधी मौजा (गाव), खसरा क्रमांक (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि मंजूर नकाशा घेऊन मोजणी करून घ्या. आणि मोजणीनंतर मिळालेली 'क प्रत', म्हणजे मोजलेल्या हद्दीचा नकाशा, खरेदीखताइतकीच जपून ठेवा.

मोजणीच्या आधी लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस जाते. ती आली की हजर राहा, रुसून घरी बसू नका. निकाल पटला नाही तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. बांधावर आवाज चढवून मोजणीदारावर दबाव आणणं मी त्या दिवशीही पाहिलं. दोन्ही बाजूंची माणसं जमलेली, प्रत्येकाला त्याच्या तोंडून आपलाच आकडा ऐकायचा. बिचारा माणूस सकाळपासून पाण्याच्या दोन घोटांवर उभा आणि संध्याकाळी दोघांपैकी एक तरी त्याला विकला गेलेला म्हणणार, हे त्यालाही माहीत. तरी त्यानं आकडा बदलायचा नसतो.

दुपारी एकच्या सुमारास चुन्याची रेघ पडली. उत्तरेच्या टोकाला आमचा धुरा गुरुजींच्या जमिनीत सव्वा फूट गेलेला निघाला. दक्षिणेच्या टोकाला गुरुजी आमच्यात दीड फूट. बाभूळ मधोमध, रेघेवरच. काकाजींनी दाखवलेली जागा चुकीची होती, गुरुजींनी दाखवलेलीही. काकाजी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे धुरा फिरला होता बावा, सरकला नव्हता."

सह्या झाल्या. दगड पुरायला खड्डा खणायचा होता, काळ्या मातीच्या खाली मुरूम लागेपर्यंत, कारण तिथला दगड हलत नाही. आमच्याकडे फावडं होतं, सब्बल नव्हती. गुरुजींनी मुलाला हाक मारून त्यांच्या कोठ्यातून मागवली.